मोनालीचं गाठोडं

मोनालीनं ‘नाम’ लिहिलेली चिठ्ठी भाताच्या शितानं पिठाच्या डब्यावर चिकटवली, अंगठ्यानं दाबली, आणि तोच डबा तिच्या आईनं उचलून गोणीत घातला.

“आई, ते नाम शे.”

“ऱ्हाऊ दे. तठे बी पीठच लागी,” आई कपाळावर बोट टेकवत म्हणाली. “मन्हा कपायले बी लाव एक.”

कोकिळाबाई दारात उभ्या होत्या. व्याकरणाचा हा अभ्यास त्यांनीच दिला होता. घरातल्या ज्या वस्तूला, जनावराला, माणसाला नाव आहे, तिथं चिठ्ठी लावायची. पुस्तकात नामासाठी बंगला, विमान आणि समुद्र होता. सातपुड्याच्या पायथ्याच्या या पाड्यात तिसरीतल्या पोरीनं यातलं काय पाहिलं असणार? पुस्तक लिहिणाऱ्याला ते विचारायची सोय नव्हती, म्हणून बाईंनी पुस्तक मिटलं आणि चिठ्ठ्या कापल्या. तवा, विळा, शेळी, खाट. काल मोनालीनं एका दमात बावीस नामं सांगितली. गेल्या होळीला हीच पोर ऊसतोडीवरून परत आली, तेव्हा स्वतःचं नाव लिहिताना पहिल्याच अक्षराला अडली होती.

आता चिठ्ठ्यांसकट घर गोणीत चाललं होतं. बाहेर ट्रॅक्टर उभा होता. पाड्यातल्या निम्म्या दारांना बोराटीचे काटे लागले होते. काटे लागले की समजायचं, हे घर गुजरातला उसावर गेलं, आता होळीलाच उघडेल.

आठ दिवस बाई मोनालीच्या बापामागे, चैत्राममागे लागल्या होत्या. पोरीला नेऊ नको, तुझी आई मागे राहते तिच्यापाशी ठेव. चैत्राम सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, “मंग फडमा धाकलाले कोन संभाळी?” आई-बाप ऊस तोडत तेव्हा तान्हा भाऊ मोनालीच्याच कडेवर असायचा. याला उत्तर कुठल्याच योजनेत नव्हतं.

आणि आज दुपारी, टेकडीवर जिथं रेंज येते तिथं, बाईंच्या फोनवर बदलीचा आदेश आला. एरंडोल. सोमवारी हजर व्हायचं. तीन वर्षं मागितलेली बदली. तिथं त्यांची मुलगी डिंपल आजीजवळ राहून दहावी करत होती. फोनवर ती आता ‘हो’ आणि ‘बरं’ यापलीकडे बोलत नव्हती.

शाळेतले दुसरे शिक्षक हेमराज गुरुजी रोज चारला मोटरसायकल काढून शिरपूर गाठायचे; पाड्यात राहायच्या त्या एकट्या बाई. आज निघताना ते म्हणाले होते, “आता कशाला त्या घरी जाता बाई? पोरगी पटावर राहतेय तर राहू द्या. तुम्ही सुटलात.”

बाई तरी आल्या. बदलीचं सांगायलाच आल्या होत्या. पण चैत्रामच आधी बोलला.

“ठेवस मी पोरले, बाई. धाकलाले आम्हीच संभाळसूत.”

कोपऱ्यात पोरीच्या कपड्यांचं एक लहान गाठोडं वेगळं काढलेलं होतं. मोनाली त्याच्यावर चिठ्ठी लावत होती.

“मन्ही आईले रातले दिसत नही,” चैत्राम म्हणाला. “ पोरले ताप उना त ती काय करी? पन तुम्ही शेतस.”

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. गप्प राहणं सोपं होतं. ट्रॅक्टर दहा मिनिटांत निघाला असता. हजेरीपटावर मोनाली रोज हजर असती, चार वाजेपर्यंत. चारनंतर पोरगी कुठं असते, असा रकाना सरकारनं अजून काढलेला नाही.

“चैत्रामभाऊ, मी सोमवारी जातेय. बदली झाली माझी.”

दोरी आवळणारा हात थांबला.

“आठे कोन येई?”

“माहीत नाही. आलं तरी पाड्यात राहील असं नाही.”

दोरी टाकून तो उठला. गाठोड्याकडे गेला. मोनालीनं ते दोन्ही हातांनी धरलं. त्यानं ओढलं नाही, तिच्यासकट उचललं आणि ट्रॉलीत ठेवलं. पोरगी रडली नाही. तिनं बाईंकडे पाहिलंही नाही.

चैत्राम परत आला. खाटेवर बसलेल्या म्हातारीकडे, भुरीबाईकडे बघत म्हणाला, “मंग आईले कोन शे?”

“आई तर दर वर्षी इथंच असते ना?”

“तीन वरीस. तुम्ही ऱ्हातस म्हणीसन. तेना पहिले तिले बी ट्रॉलीमा टाकी लई जाऊत.”

दर वर्षी निघणारी माणसं बाईंच्या ओट्यावर कोंबड्या ठेवून जात, पेटीच्या किल्ल्या हातात देत, आणि त्या चडफडत, मी काय फुकटची राखणदार आहे? तीन वर्षांत पाड्यात कुणी त्यांना जेवायला बोलावलं नव्हतं. आपण मेलो तर कोंबड्यांनाच कळेल, असं त्या डिंपलला एकदा हसत म्हणाल्या होत्या.

“चाल माय,” चैत्राम म्हातारीला म्हणाला.

“मी नही येस.” भुरीबाईनं खाटेची कड धरली. “मराले गुजरात कसाले जाऊ?”

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. चैत्रामनं वाकून आईच्या पायांना हात लावला आणि तो ट्रॉलीत चढला. ट्रॅक्टर नाल्यात उतरला, पलीकडे चढला, दिसेनासा झाला. बराच वेळ आवाज येत होता, मग तोही नाही.

घरात खाट, एक हंडा आणि चूल उरली होती.

“कव्हय जाशी?” भुरीबाईनं विचारलं.

“सोमवारी.”

“आज काय वार शे?”

“शुक्रवार.”

म्हातारी खाटेवर थोडी सरकली.

“मंग बस ना.”

बाईंनी दाराशी चपला काढल्या.