लोखंडाचा जबाब

दुपार कलली की शेडच्या पत्र्यातल्या फटीतून उन्हाची एक तिरपी पट्टी त्यांच्या मांडीवर उतरायची, आणि त्या पट्टीत ते रायफलीच्या शिसवी दस्त्यावर जवसाचं तेल चोळत बसलेले असायचे. तळव्याच्या उबेनं तेल मुरत जाई, लाकडातल्या झोपलेल्या रेषा एकेक करून जाग्या होत, आणि शेडभर मंद, तुरट वास पसरे. माझे पती कमी बोलत. त्यांचं सगळं आर्जव बोटांत होतं.

लष्कराच्या कार्यशाळेत त्यांनी उभी हयात अर्धस्वयंचलित रायफली दुरुस्त करण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर आम्ही हट्टा गावाजवळच्या आमच्या शेतात राहायला आलो, आणि त्यांनी स्वतःसाठी एक रायफल घडवायला घेतली. हवेच्या दाबावर चालणारी, साध्या छर्‍यांची. पण एक छर्रा सुटला की दुसरा आपसूक जागेवर येणारी. दीडशे पावलांवर, कालव्याच्या मातीच्या भरावापुढे, नांगराचा एक जुना पोलादी तवा त्यांनी साखळीनं टांगला. छर्‍याच्या दृष्टीनं ते अंतर म्हणजे परमुलूखच.

शेजारी मेंढरं बसवायला आलेला विठोबा हसायचा. "सुभेदार, त्या तव्यानं काय घोडं मारलं तुमचं? काहून त्याच्या मागं लागून राहिले?"

"बोलत न्हाई ना तो," हे म्हणायचे. "त्याचा जबाब घ्यायचाय."

विठोबा गेल्यावर मात्र एकदा ते माझ्याकडे न बघता म्हणाले होते, "मी नीट केलेल्या बंदुकीची गोळी कुठं गेली, कुणाला लागली, मला कधीच कळलं न्हाई. एकदा तरी कानानं ऐकायचंय, की लोखंडालाच लागली."

रायफल पुरी झाली ती खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. दुसर्‍या दिवशी सकाळीच ते पोटाच्या दुखण्यासाठी नांदेडला गेले. मी मागे राहिले आणि घरातली रीत पाळली: विळा, खुरपी, कुर्‍हाड, शिलाईयंत्र, सगळ्यांना धुऊन पुसून हळदीकुंकू वाहिलं. घरात हत्यार आहे आणि ते पूजेविना राहिलंय, हे मनाला पटेना. मी रायफलही धुतली. आमच्याच रानातली हळद, आमच्याच विहिरीचं पाणी. वर झेंडूची माळ घातली.

संध्याकाळी ते आले, तिच्याकडे पाहत दारातच थांबले.

"मास्तरीणबाई, आंघोळ बी घातली का हिला?"

"घातली की. सगळ्यांनाच घातली."

"बराबर केलं," ते हसले. "सोवळ्यातली बंदूक अख्ख्या पलटणीत कुणाकडं न्हाई."

हळदीचं पाणी आतल्या सुतासारख्या वाटांत उतरलं होतं. दाब धरणाऱ्या झडपा निकामी झाल्या होत्या. त्यांनी माळ उतरवली, देवापुढं ठेवली आणि जुन्या धोतरावर एकेक सुटा भाग मांडायला सुरुवात केली. सहा महिन्यांचं काम पुन्हा पहिल्यापासून. चाळीस वर्षं वर्गात मुलांना 'विचारून करा' सांगणारी मी विचारायला विसरले होते. पण त्यांनी शब्दानं दुखवलं नाही. त्यांच्या सदर्‍याच्या खिशात नांदेडच्या डॉक्टरांचा कागद होता. त्यांच्याजवळ किती थोडे दिवस उरलेत, ते त्यात होतं. तो कागद मला दिसला संक्रांतीनंतर.

मग हिवाळाभर मी त्यांच्या हातांकडे पाहत राहिले. थंडीनं झाडाची पानं जशी एका रात्रीत न गळता रोज एकदोन गळतात, तसं त्या हातांतलं बळ जात होतं. कानस घासण्याचा आवाज आखूड होत गेला, मधली शांतता लांबत गेली. रानातली हळद काढून झाली, शिजली, अंगणात वाळत पडली. फाल्गुनात रायफल पुन्हा उभी राहिली, आणि तिला खांद्याशी धरायला खांदा उरला नव्हता.

त्या संध्याकाळी मी आणि विठोबानं त्यांना खुर्चीसकट बांधावर नेलं. पुढ्यात वाळूच्या पोत्यावर रायफल टेकवली. त्यांनी नेम साधून दिला, बोट घोड्यापर्यंत नेलं, आणि जोर पुरेना तेव्हा मागे घेतलं.

"तुमी दाबा," ते मला म्हणाले. "काय तकलीफ न्हाई त्यात. मी कान देतो."

मी हात पुढे केला. नखांच्या कडांत अंगणातल्या हळदीचा पिवळा रंग होता. पुन्हा आपल्याच हातून काही बिघडेल, ही भीती अशी दाटून आली की बोट हलेना. गवत वार्‍यानं आडवं होत होतं. मी त्याचाच आधार घेतला. म्हटलं, "उद्या. वारा पडू द्या."

"व्हय," ते म्हणाले. "उद्या."

दुसर्‍या दिवशी ते उठले नाहीत. चौथ्या दिवशी गेले.

काळ आपल्याकडून मोठ्या गोष्टी हिरावून नेतो असं मी पुस्तकांतून शिकले होते. तो काहीच हिरावत नाही. आपणच आपल्या हातानं एक संध्याकाळ त्याच्याकडे सांभाळायला देतो, आणि तो ती परत करत नाही. दिवस मावळताना मी बांधावर जाऊन उभी राहते. वारा आता रोज पडतो. कान देणारं माणूस तेवढं नाही.