पाऊण इंच

रखमाबाईंनी फ्रेमा आधी घेतल्या आणि फोटो नंतर. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला, पण हे त्यांच्या तोंडावर सांगायची अख्ख्या बदलापूर गावात कुणाची छाती नव्हती.

झालं असं, की नात ऋतिकाचा साखरपुडा झाला आणि रखमाबाईंनी ठरवलं, लग्नाची पत्रिका नुसती जायची नाही. प्रत्येक सोयऱ्याच्या घरी पत्रिकेबरोबर साखरपुड्याचा फोटो जाईल, तोही फ्रेमसकट. मुलगा कैलास म्हणाला, "आई, फोटो सगळ्यांना व्हॉट्सअॅपवर कधीच गेलाय."

"मोबाईलमधला फोटो म्हणजे शेजाऱ्याच्या घरातला पंखा," रखमाबाई म्हणाल्या. "दिसतो, पण वारा लागत नाय."

कैलास मोबाईल खिशात घालून उठला. पन्नाशीला टेकलेला माणूस, पण आईसमोर त्याचं बोलणं एका वाक्याच्या पुढे कधी गेलेलं नाही.

मग रखमाबाई स्वतः शेअर रिक्षाने उल्हासनगरला कॅम्प तीनच्या बाजारात गेल्या आणि सोनेरी वेलबुट्टीच्या चाळीस फ्रेमा पसंत केल्या. सहा बाय नऊच्या. माप का तेच, तर त्याच मापाच्या एकसारख्या चाळीस होत्या. सुतळीने बांधलेले गठ्ठे घेऊन त्या शेजारच्या फोटोलॅबमध्ये शिरल्या आणि कैलासचा मोबाईल काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "यातला तो सगळ्यांचा फोटो. चाळीस काढ आणि यात बसव."

लॅबवाला हरेश सिंधी होता, पण त्याची मराठी इथलीच, वाटेत हिंदीला हाका मारत जाणारी. त्याने फोटो कॉम्प्युटरवर घेतला, फ्रेम उलटीपालटी करून पाहिली आणि मान हलवली.

"आजी, मोबाईलचा फोटो सहा बाय आठला बरोबर बसतो. तुमची फ्रेम सहा बाय नऊ. ये लंबी है."

"मग फोटो मोठा कर."

"करतो ना. पण लांबी नऊ केली की उंची पावणेसात होते. फ्रेम सहाची. पाऊण इंच कापावं लागेल."

"अन् नाय कापलं तर?"

"तर बाजूला एक इंच पांढरी पट्टी राहील."

"शुभकार्याच्या फोटोला पांढरी पट्टी? तुझ्याकडे चालत असेल."

हरेशने वाद घातला नाही. त्याने फोटोवर चौकट टाकली. चौकटीच्या आतलं राहणार, बाहेरचं जाणार. मशीनने आपल्या अकलेने वरून थोडं, खालून थोडं असं वाटून घेतलं होतं. रखमाबाई काउंटरवरून आत वाकल्या. फोटोत पुढच्या रांगेत खुर्च्यांवर वडीलधारी बसली होती, मधोमध त्या स्वतः. हिरवी पैठणी, आयुष्यातली पहिली. आणि चौकटीची खालची रेघ बरोबर त्या पैठणीच्या काठावरून गेली होती. मोर बाहेर पडले होते.

"अरे ए, पाय कुठे गेले माझे?"

"थोडे कटतात, आजी."

"लोकं माझ्या पाया पडतात. पाय नकोत दिसायला? आणि पैठणीला बघायचा तो काठच. तो कापलास तर उरलं काय, चादर? घे चौकट खाली."

"खाली घेतली तर सगळं वरून जाईल. ऊपर ये जो लंबावाला आदमी…"

"वर काय बघतोस? खाली बघ."

हरेशने खाली बघितलं. चौकट खाली घेतली. काठ आला, मोर आले, बोटांसकट पाय आले. रखमाबाईंनी पायांपासून हनुवटीपर्यंत स्वतःला नीट पाहून घेतलं आणि म्हणाल्या, "हां. आता काढ चाळीस."

मागच्या रांगेत उभा असलेला तो लंबावाला आदमी म्हणजे ऋतिकाचा मामा, दिनानाथ. अंबरनाथला राहायचा, कंपनीत सुपरवायझर होता. उंची सहा फूट दोन इंच, आणि घराण्यात बाकी कुणी साडेपाचाच्या वर गेलेलं नव्हतं. कैलासने फोटो काढला तेव्हाच मामाचे केस फोटोच्या वरच्या कडेला टेकले होते. आता पाऊण इंच वरून गेला, तेव्हा बाकी सगळे केसांसकट शाबूत राहिले आणि मामा तेवढा नाकापासून वर गेला. राहिली ती मिशी, आणि खाली निळा चौकड्यांचा शर्ट.

हे घरात कुणी पाहिलं नाही. फ्रेमा कागदात गुंडाळून आल्या होत्या आणि कागद सोडायचा नाही असा रखमाबाईंचा हुकूम होता.

पहिली पत्रिका देवाला, दुसरी मामाला, अशी त्यांच्याकडे रीत. रखमाबाईंची सून मधू स्वतः भावाकडे फ्रेम घेऊन गेली. दिनानाथने कागद सोडला, फ्रेम हातात धरली आणि बराच वेळ पाहत राहिला. मग ताईला चहा दिला, पत्रिका कपाळाला लावली आणि म्हणाला, "ताई, लग्नाला मी येत नाही. ज्या घराला माझं तोंड नको, त्या मांडवात मी तोंड घेऊन कसा येऊ?"

त्याला तसं वाटायला जागा होती. ऋतिकासाठी टिटवाळ्याचं स्थळ त्यानेच आणलं होतं आणि रखमाबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवायच्या आत ते मोडलं होतं. तरी तो साखरपुड्याला आला. फोटोच्या वेळी रखमाबाई म्हणाल्या, "मामा, तुम्ही मागं उभे राहा, पुढं राहिलात तर अर्धा गाव झाकाल." तेव्हाही तो हसून मागे गेला. आता हे.

मधू घरी आली आणि तिने सासूला काही म्हटलं नाही. तिने बोलणंच थांबवलं. "आई, आज भाजी काय करू?" हा प्रश्न तेवीस वर्षांत पहिल्यांदा त्या घरात उठला नाही. संध्याकाळी ताटात दुधी आला. रखमाबाईंना दुधी चालत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दुधीच.

शेवटी ऋतिकाने वाचा फोडली. "आजी, लय लोचा झालाय. मामा नाही येत."

"चुलतमामा आहे ना कर्जतचा. तो उभा राहील मागं."

"मी त्याला ओळखत पण नाही! अंतरपाटापर्यंत मला दिनूमामाच नेणार. तो नसेल तर मी खोलीतून बाहेर येणार नाही. हॉल तुम्ही वापरा, जेवण छान ठेवलंय असं ऐकलंय."

पोरगी अगदी शांतपणे बोलली आणि मोबाईल बघायला लागली. रखमाबाईंना ती धमकी ओळखीची वाटली. बोलायची ही तऱ्हा त्यांचीच होती. लग्न नऊ दिवसांवर आलं होतं आणि बाकीच्या फ्रेमाही कैलासने एव्हाना घरोघरी पोचवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकट्याच अंबरनाथला गेल्या. दिनानाथने दार उघडलं, वाकून नमस्कार केला, पंखा लावला. फ्रेम दारासमोरच्या भिंतीवर टांगलेली होती.

"छान लावलीय," रखमाबाई म्हणाल्या.

"हो, मावशी. येणारा-जाणारा विचारतो, तू कुठला. मी सांगतो, तो निळा शर्ट. कालच भिशीच्या बायका येऊन गेल्या. मिशीवरून एकीने बरोबर ओळखलं."

"मामा, ते मशीनचं काम. मशीनला काय कळतं, माणूस कुठं संपतो ते."

"बावीस माणसांतला नेमका मीच सापडलो मशीनला?"

"मग त्या लॅबवाल्याचा हात हलला असेल. त्याचं लक्ष नव्हतं. सिंध्याची दुकानं, गर्दी असते."

रखमाबाई एवढं बोलल्या आणि त्यांना वाटलं, झालं. दिनानाथने चपला घातल्या.

"चला."

"कुठं?"

"कॅम्प तीन. आज माझी सेकंड शिफ्ट आहे, वेळ आहे. त्यालाच विचारू. त्याच्या हाताने झालं असेल तर माझं काही म्हणणं नाही, मी उद्यापासून मांडवाला हजर. पण कुणी मुद्दाम सांगून केलं असेल, तर मावशी, मग मला माफ करा."

शेअर रिक्षात मागे तिघं. मध्ये रखमाबाई, एका बाजूला दिनानाथ गुडघे छातीशी घेऊन, दुसऱ्या बाजूला जीन्सच्या कारखान्यात जाणारा कुणी गडी, मांडीवर झिपरचं पोतं. वाटेत रखमाबाई तीनदा म्हणाल्या, की दुकान बंद असेल, आज सुट्टी असते. दिनानाथ म्हणाला, बघू.

दुकान सताड उघडं होतं.

हरेशने रखमाबाईंना पाहिलं, मग त्यांच्यामागे दारातून वाकून आत येणारा तो निळ्या शर्टाचा माणूस पाहिला, आणि त्याला काही सांगावं लागलं नाही. आज शर्ट पांढरा होता, तरी ओळखलं. तीस वर्षं त्याने लोकांचे फोटो कापले होते.

दिनानाथने मोबाईलवर फ्रेमचा फोटो दाखवला. "शेठ, हे कुणी कापलं?"

हरेशने एकदा रखमाबाईंकडे पाहिलं. त्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचत होत्या.

"मी कापलं, भाईसाब," हरेश म्हणाला. "माझी मिस्टेक. लाइट गेली होती, घाईत ऑटोवर टाकलं. आजींना तर मी दाखवलं पण नाही. बिचाऱ्या बोलल्या होत्या, सबका मुँह आना चाहिए."

दिनानाथच्या खांद्यांतून काहीतरी खाली उतरलं. "बघा," तो म्हणाला. "एवढंच ऐकायचं होतं मला."

इथे रखमाबाईंनी गप्प बसायला हवं होतं. कुणीही बसलं असतं. लग्न मार्गी लागलं होतं, मामा परत मिळाला होता, आणि दुकानदाराने पाप स्वतःच्या पदरात घेऊन वर त्यांना शहाणीही ठरवलं होतं. पण ते 'बिचाऱ्या' त्यांना गिळवेना. एकाहत्तर वर्षांत त्यांना कुणी बिचारी म्हटलं नव्हतं. नवरा गेला त्या दिवशीही नाही. आणि आता एक फोटोवाला भर दुकानात त्यांच्यावर दया करणार!

"ए, खोटं बोलू नको," त्या म्हणाल्या. "बिचारी कोण? मी सांगितलं होतं वरून काप म्हणून."

हरेशने काउंटरखाली काहीतरी शोधायला सुरुवात केली.

"हा म्हणत होता, वर लंबा माणूस आहे," रखमाबाई दिनानाथकडे वळल्या. "मी म्हटलं, वर बघू नको. मला माझे पाय पाहिजे होते आणि पैठणीचा काठ पाहिजे होता. तुमचं तोंड जातंय की राहतंय, ते मी बघितलंच नाय. मुद्दाम केलं नाय. पण बघितलंही नाय. आता काय रागवायचं ते माझ्यावर रागवा, या दुकानदारावर कशाला?"

मशीनमधून कुणाचे तरी पासपोर्ट फोटो बाहेर आले, एकच माणूस आठ वेळा.

"काठासाठी," दिनानाथ म्हणाला.

"मोराचा होता."

"माझं तोंड तुम्ही मोरासाठी घालवलं."

"पैठणी येवल्याहून आणली होती, मामा. तुम्ही अंबरनाथचे."

हरेशच्या तोंडून हसू निसटलं आणि त्याने त्याचा खोकला केला. दिनानाथ हसला नाही. तो काउंटरला वळसा घालून आत गेला आणि हरेशला म्हणाला, "तो फोटो लावा. चौकट मला द्या."

हरेशने फोटो लावला, माउस त्याच्या हातात दिला. दिनानाथने चौकट वर सरकवली. नाक आलं, डोळे आले, कपाळ आलं. खाली काठ गेला, बोटं गेली, रखमाबाईंचे पाय घोट्याच्या वर संपले. त्याने चौकट पुन्हा खाली आणली. तो गेला, मोर आले. पुन्हा वर. असं पाच-सहा वेळा झालं. रखमाबाई काउंटरच्या पलीकडून पाहत होत्या, एकदा आपण जाताना, एकदा तो जाताना. मधे कुठे जागा सापडेना.

मग त्याने चौकट पार वर नेऊन सोडली. केसांचा शेवटचा शेंडाही आत आला.

"अशी," तो म्हणाला. "आणि एक नाही. चाळीस. चाळीस घरांत माझा नुसता शर्ट गेलाय. आधीचे काढून हे बसवायचे."

"आजी, आपके पाँव…" हरेशने विचारलं.

"दिसतंय मला," रखमाबाई म्हणाल्या. "काढ चाळीस."

"कोण बदलणार घरोघरी जाऊन?" दिनानाथने विचारलं.

"कैलास जाईल."

"कैलासने काही केलं नाही, मावशी."

रखमाबाईंनी पदर खोचला. चाळीस घरं म्हणजे कर्जतपासून शहाडपर्यंत. चाळीस घरं म्हणजे चाळीस वेळा, "का हो रखमाबाई, पहिल्या फोटोला काय झालं?" त्यातली अकरा घरं त्यांना पाण्यात पाहणारी, आणि त्यांच्या धाकट्या जावेचं घर त्यात बारावं धरायला हवं.

"मीच जाईन," त्या म्हणाल्या. "दारातच बदलून देईन. आत बसून चहा घेणार नाय कुणाकडं."

मशीन सुरू झालं. एक एक फोटो ट्रेमध्ये येऊन पडायला लागला, प्रत्येकात दिनानाथ पूर्ण. त्याने पहिला उचलला, कडेला धरून उजेडात पाहिला, मग डोळ्यांजवळ नेला.

"डोळे मिटलेत माझे," तो शेवटी म्हणाला.

रखमाबाईंनी वाकून पाहिलं. मिटलेले होते. गच्च.

"आता त्याला मी काय करू?" त्या म्हणाल्या. "ते तुमचे तुम्ही मिटलेत."

दिनानाथने फोटो शर्टाच्या खिशात घालून पाहिला. मावला नाही, म्हणून हातातच धरला.

"हळदीला किती वाजता यायचं?" त्याने विचारलं.

"हळद पाचला आहे. तुम्ही दुपारीच या. मांडवाची वरची माळ बांधायला तुमच्याशिवाय कुणाचा हात पोचत नाय."