देवी डोंगरात परतली

परदेशातल्या एका संग्रहालयातून चोरीची मूर्ती परत आणली, म्हणून राज्याचे सांस्कृतिक मंत्री सूर्यभानराव यांचा राहात्यात सत्कार झाला. जवळच्याच गावचे ते. कार्यक्रम आटोपून गाडीकडे निघाले, तर राजूरकडच्या एका वाडीतून आलेली लंकाबाई वाटेत उभी राहिली.

"सायेब, आमची बी देवी आना."

"कुठल्या देशात आहे, मावशी?"

"तुमच्याच गावात. तुमच्या देवळात."

कार्यकर्ते हसले. सूर्यभानराव हसले नाहीत. देवळातला देवीचा पितळी मुखवटा त्यांच्या आजोबांनी आणलेला. आजोबा लाकडाचे ठेकेदार होते. डोंगरातून आणला, एवढंच घरात बोललं जाई. लंकाबाईने पुढचं सांगितलं. तिच्या सासूच्या देखत माणसं घालून तो उचलून नेला होता.

सूर्यभानरावांची आई गोजरबाई लग्न होऊन आल्यापासून त्या मुखवट्याला रोज न्हाऊ घालत होत्या. मुलाने विचारल्यावर त्या आडवळणाने बोलल्या नाहीत.

"उचलूनच आनला हुता. सासूबाईंनी सांगितलं हुतं मला. पन मी देनार न्हाई. तू मंत्री तिकडं मुंबईत."

"हुकूम नाही काढत, आई. पण आता परदेशात जाऊन 'आमचं परत द्या' म्हणायला मला तोंड राहिलं नाही."

बरेच दिवस आईने त्यांचा फोन उचलला नाही. गावातल्या दोघातिघांनी निवडणुकीत बघून घेऊ, असं तोंडावर सुनावलं. मग एका सकाळी आईचाच फोन आला.

"गाडी घेऊन ये. ती जागा बघू दे मला."

नव्या खणात गुंडाळलेला मुखवटा मांडीवर घेऊन त्या निघाल्या. वाडीत पत्र्याखाली दगडी ओटा होता. ओटा रिकामा, पण त्यावर ताजं हळदकुंकू वाहिलेलं.

"मोकळ्या जागेला पुजता व्हय?"

"जागा तिचीच हाय ना," लंकाबाई म्हणाली.

गोजरबाईंनी मुखवटा स्वतःच्या हाताने ओट्यावर ठेवला, आणि त्यांना रडू आवरेना. मुलगा पुढे झाला तर त्यांनी हातानेच थांबवलं. लंकाबाई त्यांच्याजवळ टेकली.

"थंडीत पानी कोमट घे बरं का तिला."

"घेऊ. आन् तुमी येत जा. तुमचा बी लई जीव हाय तिच्यावर."

कुणीतरी भाषणासाठी माईक आणला. सूर्यभानरावांनी तो नको म्हटलं आणि वाडीतल्या माणसांच्या पंगतीत जेवायला बसले.