एक खुर्ची, दोन दावेदार

बाईंनी यजमानांसोबत सायकलने समुद्र गाठायचं ठरवलं तेव्हा नणंदेने कपाळाला हात लावला. "सुखातला जीव दुःखात कसा घालावा, ते तुम्हा दोघांकडून शिकावं."

बाई शाळेत भूगोल शिकवत. जिन्यावरून पडून मणका दुखावला तेव्हापासून कमरेखाली त्यांना काही जाणवत नसे. जीभ मात्र शाबूत होती. "ताई, समुद्र नकाशावर दाखवून दाखवून कंटाळले. आता जरा खरा बघते. आणि मोटारीतून नको. मोटारीत मला पोत्यासारखं उचलून ठेवतात, आणि वाटभर दिसतं काय, तर ड्रायव्हरची मान."

त्यांची सायकल तीनचाकी, जमिनीलगत. पाय पुढे लांब करून पट्ट्यात अडकवायचे आणि छातीसमोरची पेडलं हातांनी फिरवायची. ट्रकवाल्यांना दिसावं म्हणून मागे उंच काठीवर पिवळा झेंडा. यजमान बेकरीवाले. त्यांचा सगळा जन्म भट्टी ते गल्ला एवढ्या प्रवासात गेलेला. त्यांच्या साध्या सायकलमागे छोटा गाडा, त्यात घडीची चाकाची खुर्ची, पायऱ्यांवर टाकायची फळी आणि कपडे. पहिल्याच दुपारी ते म्हणाले, "ह्या सीटपेक्षा भट्टीवर बसलो असतो तर सुखात असतो."

बाई मात्र खुशीत होत्या. अधूनमधून थांबून, हातांवर जोर देऊन त्या अंग उचलून धरत, म्हणजे बसून बसून कातडी सोलवटत नसे. मग पुन्हा पेडल. फक्त एक गोष्ट खुपायची. टपरीवर थांबलं की लोक यजमानांना विचारत, "ह्यांना पाणी देऊ का? ह्यांना चहा चालतो?" यजमान बिचारे भाबडेपणाने उत्तर देत. बाईंनी ह्यावर बोलणं कधीच सोडून दिलं होतं.

घाट चढताना यजमानांच्या तोंडाला फेस आला. उतारावर मात्र बाई बाणासारख्या सुटल्या. मागे धपकन आवाज झाला. वळून पाहतात तो यजमान खडीवर आडवे, सायकल एकीकडे, गाडा दुसरीकडे. घोटा बघता बघता टोमॅटोसारखा सुजला. शेवटी दुधाच्या टेम्पोवाल्याने त्यांना, सायकलला आणि गाड्याला पुढच्या गावातल्या खानावळीत नेऊन सोडलं.

बाई मागून पोचल्या तेव्हा यजमान अंगणात बाईंच्याच चाकाच्या खुर्चीत ऐसपैस बसले होते. खानावळवाली मावशी लगबगीने सायकलपाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "ह्यांना चहात साखर चालते का हो?"

बाईंनी यजमानांकडे पाहिलं. ते तोंड उघडून बसले होते. "अर्धा चमचा," बाई गंभीरपणे म्हणाल्या. "आणि गार करून द्या, त्यांना भाजतं."

मावशी आत गेल्यावर यजमान म्हणाले, "मी इथे बसलोय. मला नाही विचारलं तिने."

"नाही विचारत."

"तुला रोज असं होतं?"

"रोज."

त्यांनी खुर्चीची चाकं जरा मागेपुढे केली. मग म्हणाले, "आणि मी उत्तरं देतो." बाईंनी त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं.

डॉक्टरने पट्टी बांधून पाय टेकायला बंदी केली. आता खुर्ची एक आणि दावेदार दोन. मंत्रिमंडळातही एवढी ओढाताण होत नसेल. आंघोळीला कोण आधी, जेवायला कोण आधी. यजमान एका पायावर लंगडी घालत भिंत धरून फिरत आणि मावशी हसून हसून पदराने डोळे पुसत.

"टेम्पो करू," यजमान म्हणाले. "एका दिवसाची तर वाट राहिली."

"तुम्ही करा. मी सायकलनेच येते."

"एकटी?"

"एकटी. मी पोचेन तेव्हा खुर्ची तेवढी रिकामी ठेवा."

 सकाळी यजमानांनी स्वतः बसून चाकांत हवा भरली.

त्या दिवशी बाईंनी वाट स्वतः विचारली, एकदा चुकल्या, स्वतःच परत वळल्या. पेरूवाल्याने त्यांना विचारलं, "तुम्हाला मीठ लावून देऊ?" पेरू काही खास नव्हता, तरी बाईंनी आणखी दोन घेतले.

उन्हं कलताना शेवटचा चढ संपला आणि समोर नुसतं पाणी. बाईंची धाकटी बहीण तिथेच राहायची. ती आणि काठी टेकून उभे यजमान, दोघं बांधावरून हात हलवत होते. ओहोटी होती, ओली वाळू घट्ट होती. बाईंनी सायकल सरळ पाण्याकडे घेतली. यजमान लंगडत मागे आले आणि पँटसकट शेजारी पाण्यात बसले.

"अहो, पट्टी."

"भिजू दे."

पहिली लाट पायांवरून गेली. बाईंना काहीच कळलं नाही. दुसरी मोठी होती, ती थेट पोटापर्यंत आली. इतकी गार, की बाईंचा श्वास अडकला, आणि मग जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना.