तहकूब सभा

पिवळा अंगठा... त्याखाली दुसरा, तिसरा. मोबाईलवर बोटाने कितीही वर सरकवले तरी संपतच नव्हते. धर्माजींनी चष्मा पुसला. काल गावाच्या ग्रुपवर त्यांनी लिहिलं होतं — समुद्राकडे उतरणाऱ्या पाखाडीच्या पायऱ्यांवर शेजारच्या बंगलेवाल्याला फाटक बसवू देऊ नये, वाट गावाची आहे — आणि निम्मं गाव त्याखाली अंगठे, मुठी, ‘एकदम बरोबर, काका’ घेऊन उभं होतं. जन्मभर वाचनालयाच्या टेबलामागून हळू बोललेल्या माणसामागे एवढे लोक! आणि मान वर केली तर ग्रामपंचायतीच्या सभागृहात रिकाम्या खुर्च्या.

मागची ग्रामसभा माणसं कमी पडली म्हणून तहकूब झाली होती. तहकूब सभेला ती अट नसते. आज आहेत तेवढ्यांतच फाटकाला परवानगी देणारा ठराव होणार. हे मी लिहिलं नव्हतं का? लिहिलं होतं... पण अगदी शेवटी, संकोचत. तिथवर कुणी वाचलं नसेल. की वाचून, अंगठा देऊन, आपण सभेला जाऊन आलो असंच त्यांना वाटलं? माझ्याच नीटनेटक्या वाक्यांनी त्यांचा राग घरबसल्या उरकून टाकला — असं तर नाही?

“काका, तुम्ही कशाला तसदी घेतलीत?” सरपंच सदाभाऊ हसले. “ग्रुपवर टाकायचं, आम्ही बदाम दिला असता!”

दोघं-तिघं खिदळले. मासळीची पाटी दाराबाहेर ठेवून आलेली काशी उसळली, “हसतोस काय रं सदा? फाटक लागल्यावर मी काय मोबाईलमधनं दर्यावर उतरू?”

“मग मंजूर समजायचं ना?” ग्रामसेवकाने घाईघाईने विचारलं.

गप्प बसता आलं असतं. लिहिलं होतं की आपण, सगळ्यांनी पाहिलंही होतं... धर्माजी उठले.

“माझा विरोध आहे. नावासकट लिहा. आणि हात मोजा.”

“काय म्हणालात?” ग्रामसेवकाने विचारलं.

ते पुन्हा बोलले — मोठ्याने. हा आवाज त्यांच्याही ओळखीचा नव्हता.

काशीचा हात वर गेला, त्यांचाही. मोजणी पुढच्या रांगेपासून सुरू झाली. त्यांनी तिकडे पाहिलं नाही. हरणार, बहुधा हरणारच... मग पुढच्या सभेआधी दारोदार जायला हवं. कुणाच्या दारात आधी? उंबऱ्याशी उभं राहून काय बोलायचं, ते सुचत नव्हतं — पण जायचं, हे मात्र कधीच ठरून गेलं होतं.