कोणता गुडघा?

मी एक जुना गुडघ्याचा पट्टा आहे, आणि मी काहीही विसरलेलो नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की फार गोड बोलतात, सगळ्यांना माफ करतात आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. माझ्या दोन्ही कडांना लोखंडी पट्ट्या आहेत. मी मऊ आहे तो फक्त आतून, गुडघा टेकतो तेवढ्याच जागी.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. मानेचे, कमरेचे, मनगटाचे पट्टे शिवणाऱ्या एक बाई तिथे बसत. एके दिवशी दुकानाच्या दारातून एक माणूस वाकून, मग आणखी वाकून आत आला. त्याच्या मागून त्याची थोरली बहीण आली, तिला मात्र वाकावं लागलं नाही. हा माणूस व्यावसायिक बास्केटबॉल खेळत असे. संघात सर्वांत उंच तोच आणि सर्वांत दणकटही तोच, म्हणून सगळे त्याला 'खांब' म्हणत. ताई तेवढी अजून बाळ्या म्हणायची. बाजारातले तयार पट्टे त्याच्या गुडघ्यावर चढत नव्हते. ते त्याच्या कोपराला ठीक बसले असते.

बाईंनी चष्मा वर केला आणि एकच शब्द विचारला, "कोणता?"

"डावा," खांब म्हणाला.

बाईंनी दोन्ही गुडघ्यांची मापं घेतली. ताईला राहवलं नाही. "अहो, दुखतोय एकच."

"आज एकच," बाई म्हणाल्या. "एवढा डोलारा एकाच पायाने तोलायचा म्हटलं की दुसराही कुरकुरायला लागतो. दोन्हीकडे चालेल असाच शिवते."

म्हणून मी ना डावा, ना उजवा. हे लक्षात असू द्या, पुढे कामाला येणार आहे.

उंच माणसाला या खेळात काय काम असतं, ते बाकावर बसून टाळ्या वाजवणाऱ्यांना कळत नाही. बास्केटच्या खाली उभं राहायचं. पाठीवर एक तसाच आडदांड गडी रेलून ढकलत असतो, त्याला पाठीनेच रेटायचं. मग उडी मारायची, चेंडू टाकायचा आणि खाली यायचं. वर जाताना टाळ्या पडतात. खाली येताना जो दणका बसतो तो गुडघ्याला बसतो, आणि त्याला कोणी टाळ्या देत नाही. खांबाचे ते सगळे दणके मी झेलले. निम्मे मी घ्यायचो, निम्मे तो डावा गुडघा घ्यायचा. इतकी वर्षं एकमेकांना चिकटून काढल्यावर तो मला सख्ख्या भावासारखा झाला होता.

आता माझ्या वैऱ्याची ओळख करून देतो. तो संघाचा कोच होता. तोंडावर सगळे त्याला सर म्हणत आणि पाठीमागे मुकादम. गळ्यात शिट्टी, हातांना टाळ्या पिटायची सवय, आणि नजर कायम फळ्यावरच्या गुणांवर. त्याने पहिल्यांदा मला खांबाच्या हातात पाहिलं, तेव्हा त्याचं तोंड कडू झालं.

"हे असलं काही दिसता कामा नये. समोरच्यांना कळलं तर तिथेच मारतील. झाका ते."

त्या दिवसापासून खांब दोन्ही पायांत मांडीपर्यंत येणारे काळे मोजे घालू लागला. मी डाव्या मोज्याच्या आत घामात भिजत बसायचो. बाहेरून दोन्ही पाय सारखेच दिसायचे. लोक म्हणायचे, काय रुबाब आहे!

खांबाने मुकादमाला एकदा सांगून पाहिलं. "सर, गुडघा फार दुखतोय. एक-दोन सामने बसू का?"

मुकादम हसला. त्याने खांबाच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाला, "अरे, खांब कधी दुखतो का?"

खोली हसली. खांबही हसला. मी आतून त्याच्या गुडघ्याची सूज मोजत होतो, मला हसू आलं नाही.

त्या संघाचे एक डॉक्टर होते. त्यांच्याजवळ सगळ्या दुखण्यांना पुरेल असा एकच शब्द होता: किरकोळ. ते पडद्याआड खांबाच्या गुडघ्यात सुई टोचायचे, आणि मुकादम पडद्याबाहेरून ओरडायचा, "झालं का?" पडदा बाजूला करून त्याने एकदाही आत डोकावलं नाही. सुईने दुखणं झोपायचं, गुडघा मात्र जागाच असायचा आणि झिजत राहायचा.

मग व्हायचं तेच झालं. एका सामन्यात खांब खाली आला आणि उभा राहू शकला नाही. तो घरी पडून होता तेव्हा मुकादम भेटायला आला नाही, फक्त निरोप आला, "कधी उभा राहणार?" आणि थोड्याच दिवसांत तो टीव्हीवर दिसला. ताईने आवाज मोठा केला. मुकादम ऐटीत सांगत होता, "त्याला आम्ही मोकळं केलंय. दिसायला खांब हो, पण आतून नाजूक. असे सांगाडे टिकत नाहीत."

नाजूक! ज्याने सुजलेल्या पायावर या माणसाचे सामने जिंकून दिले, त्याला नाजूक! ताईने टीव्ही बंद केला. खांबाने माझा बंद आवळला, इतका की माझी शिवण करकरली. मित्रांनो, लोखंड तापतं म्हणतात ते खरं आहे. त्या दिवशी माझ्या दोन्ही पट्ट्या तापल्या त्या आजतागायत पुरत्या निवलेल्या नाहीत.

पुढे एका लहानशा संघाने खांबाला घेतलं. तिथे काळे मोजे नव्हते, मी उघडपणे वावरायचो. पण तो शब्द आमच्या आधी सगळीकडे पोचला होता. खांब मैदानात उतरला की बाकांवरून ओरड सुरू व्हायची, "नाजूक! ए नाजूक!" खांब मान खाली घालून खेळायचा.

शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवून स्पष्ट सांगितलं, "डाव्या गुडघ्यावर आता एक जरी सरळ धक्का बसला, तरी पुढचं आयुष्य काठी घेऊन चालावं लागेल. खेळ सोडा."

"सोडतो," खांब म्हणाला. "एक सामना खेळून."

तो कोणाविरुद्धचा, हे सांगायला हवं का?

ताई घरभर धुसफुसत होती. तरीही सामन्याच्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत आलीच, कारण मला बांधायचं काम तिच्याशिवाय कोणाला जमत नसे. तिने मला डाव्या गुडघ्याशी नेलं. खांबाने तिचा हात धरला.

"ताई, उजव्याला बांध."

"वेड लागलंय का तुला? दुखतोय हा आणि बांधू त्याला?"

"मुकादम आपल्या पोरांना काय सांगणार? पट्ट्यावर मारा म्हणून सांगणार."

"त्याला माहीत नाही होय तुझा डावा आहे ते? इतकी वर्षं होतास त्याच्याकडे!"

"नाही माहीत," खांब म्हणाला. "तो फळ्यावरचे गुण बघतो, पाय नाही. त्याने कधी विचारलंच नाही."

ताईने ओठ घट्ट मिटले आणि मला उजव्या गुडघ्यावर असं काही आवळलं की जणू मुकादमाचा गळाच हातात आला होता. "आणि एखाद्याचा धक्का चुकून डाव्याला लागला तर?"

"तर तू काठी आण. चांगली जाड बघ."

"थोबाड फोडीन," ताई म्हणाली आणि डोळे पुसले.

मला काय वाटलं ते कोणी विचारलं नाही. मी परक्या घरी पाहुणा जाऊन बसलो होतो. शेजारी माझा डावा उघडाबोडका, आणि मी त्याच्यासाठी काहीही करू शकत नव्हतो. भीतीने माझ्या शिवणी ओल्या झाल्या. पण खरं सांगतो, त्या भीतीच्या खाली मला उकळ्या फुटत होत्या.

सामना सुरू झाला. मुकादमाने खांबाच्या अंगावर आपला नवा गडी घातला. तोही ताडमाड उंच होता आणि म्हणूनच सगळे त्याला छोटू म्हणत. त्याच्या दोन्ही पायांत मांडीपर्यंत काळे मोजे होते. ते पाहून मला ओळखीचा घाम आठवला.

"पट्टा!" मुकादम बाहेरून ओरडला. "पट्ट्यावर रहा! पट्टा!"

बिचारा छोटू आज्ञाधारक होता. तो सारं वजन घेऊन माझ्यावर रेलला. माझ्या खाली उजवा गुडघा होता, ठणठणीत आणि ताजा. खांब उजवा पाय रोवायचा, डावीकडे गर्रकन वळायचा, आणि तिथे त्याला अडवायला कोणीच नसायचं, कारण सगळे पट्ट्याच्या बाजूला गोळा झालेले! चेंडू जाळीत. पुन्हा "पट्टा! पट्टा!", पुन्हा चेंडू जाळीत. मुकादमाचा चेहरा लाल होत गेला आणि तो आणखी जोराने तेच ओरडत राहिला. इतकी सुंदर चूक मी जन्मात पाहिली नव्हती.

शेवटी चिडून छोटूने गुडघ्यानेच मला धडक दिली. मी तयारच होतो. माझी लोखंडी पट्टी त्याच्या गुडघ्यावर कडाडली आणि तो एवढा मोठा गडी जमिनीवर आडवा झाला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

रेफ्रीने शिट्टी वाजवली. किरकोळवाले डॉक्टर बधिर करणाऱ्या फवाऱ्याची बाटली घेऊन धावत आले. आणि बाहेरून तो आवाज आला, जसाच्या तसा, "ऊठ रे! अरे, खांब कधी दुखतो का?"

खांब जागच्या जागी थबकला. आता या पोराला तेच वाक्य मिळालं होतं, तेच मोजे आणि तीच सुई. माझा आनंद तिथेच आंबला. मी चुकीच्या माणसाला लागलो होतो.

खांब वाकला आणि त्याने हळूच विचारलं, "कोणता?"

छोटूने वर पाहिलं. हा प्रश्न त्याला नवा असावा. "डावा," तो पुटपुटला. "आत्ताचा नाही, केव्हापासूनचा आहे. सुया घेतोय."

"माझाही डावाच," खांब म्हणाला.

छोटूने माझ्याकडे पाहिलं, मग खांबाच्या उघड्या गुडघ्याकडे पाहिलं. आता मारायचं कुठे, हे त्याला पक्कं कळलं होतं.

खांबाने हात देऊन त्याला उठवलं. "तुझ्या सरांना एकदा विचारून ये, तुझा कोणता ते."

छोटू लंगडत कडेला गेला. मुकादम टाळ्या पिटत होता, "चल चल, काही नाही झालेलं!"

"सर," छोटू म्हणाला, "माझा कोणता गुडघा दुखतो?"

"काय?"

"कोणता, सर?"

बाकावरची सगळी पोरं वळून बघू लागली. मागच्या रांगांमधली माणसंही कान देऊन ऐकू लागली. मुकादमाने छोटूच्या पायांकडे पाहिलं. दोन काळे मोजे, दोन्ही सारखे. त्यानेच घालायला लावलेले. तिथून त्याला काहीही कळणार नव्हतं.

"उजवा," मुकादम म्हणाला.

छोटू खाली बसला. त्याने डाव्या पायातला मोजा सोलून काढला. आतला गुडघा पाहून पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी तोंडावर हात ठेवला. छोटूने तो ओला मोजा मुकादमाच्या खुर्चीच्या पाठीवर नीट वाळत घातला आणि बाकाच्या टोकाला जाऊन बसला. तो पुन्हा उठला नाही.

मग मागून कोणीतरी ओरडलं, "ओ सर, कोणता?" हशा पिकला. दुसरीकडून आवाज आला, "कोणता?" आणि बघता बघता सगळं सभागृह तालात ओरडू लागलं. ज्या घशांतून इतके दिवस 'नाजूक' निघत होतं, त्याच घशांतून आता 'कोणता' निघत होतं. मुकादम शिट्टी चघळत उभा होता. सामना आम्ही जिंकलो, पण ते कोणाच्या फारसं लक्षात राहिलं नाही.

त्यानंतर मुकादम कुठल्याही गावात, कुठल्याही सभागृहात गेला तरी तो शब्द त्याच्या आधी तिथे पोचलेला असायचा. तो खुर्चीवर बसला की कोणीतरी हळूच विचारायचं, "सर, कोणता?" शेवटी त्याने शिट्टी खुंटीला टांगली. मला त्याची दया येईल असं वाटलं होतं. वाट पाहिली. अजून आलेली नाही.

खांब त्याच दिवशी खेळातून बाहेर पडला, स्वतःच्या दोन पायांवर. जिना चढताना तो कठडा धरतो, पण काठी घेत नाही. मला त्याने छोटूकडे दिलं, "दोन्हीकडे चालतो हा," असं सांगून. छोटूचा गुडघा बरा होईपर्यंत मी त्याच्याजवळ राहिलो. त्याला मी एकदा लागलो होतो, त्याची तेवढी भरपाई केली. आता परत ताईच्या घरी दाराजवळच्या खुंटीवर आहे. माझे बंद सैल झालेत, आतला मऊपणाही झिजलाय.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात, संघात, कामावर एखादा खांब असेलच. सगळं त्याच्यावर टेकलेलं असतं, म्हणून तो दुखत नाही असं तुम्ही धरून चालता. त्याला कधीतरी विचारा, "कोणता?" आणि उत्तर लक्षात ठेवा.

आणि तो खांब तुम्ही स्वतःच असाल, आणि वर्षानुवर्षं कोणी विचारतच नसेल, तर खुशाल माझ्याकडे या. मला दुसऱ्या पायाला कसं बांधायचं, ते ताई शिकवेल.