पाहुण्याची घोंगडी

सांगलीत हळदीच्या पेठेमागे अपेक्षाची भाड्याची खोली होती. खोली कसली, एका भिंतीला गॅस, दुसऱ्या भिंतीला कॉट आणि मधे खोक्यांचा ढीग. त्या ढिगालाच ती दुकान म्हणायची. बाप धुळा म्हसवडला घोंगड्या विणायचा आणि ही इथून मोबाईलवर विकायची. आई कधीच गेलेली, भावंडं नाहीत, त्यामुळे अख्खी कंपनी दोघांचीच. गेल्या उन्हाळ्यात बाप गेला. माग थांबला, म्हसवडच्या घराला कुलूप लागलं, आणि दुकान तेवढं खोक्यांत माल होता तोवर चालत राहिलं.

शेवटी एकच घोंगडी उरली. पांढऱ्या लोकरीची, मधे काळ्या पट्ट्यांची. धुळाच्या हातची ती शेवटची. मागावरून उतरल्यावर त्याने तिच्या कोपऱ्याला भंडारा लावला होता. त्यांच्या घरची ती रीत होती. घोंगडी सिद्धनाथाच्या फोटोपुढे पसरायची, ओल्या अंगठ्यावर हळद घ्यायची आणि कोपऱ्यावर टेकवायची. एकदा भंडारा लागला की घोंगडी दुसऱ्याची झाली. मग ती घरात कुणी पांघरायची नाही, आवडली म्हणून मागे ठेवायची नाही. लहानपणी एकदा थंडीत अपेक्षाने तशी घोंगडी अंगावर ओढून घेतली, तर बाप म्हणाला होता, "ठिव ती. पाव्हण्याची हाय." पाहुणा कोण, हे त्यालाही माहीत नसायचं.

म्हणून ही शेवटचीही तिने ठेवून घेतली नाही. जीव तुटत होता, पण बापाची रीत मोडायची कशी? तिने फोटो टाकला आणि पुण्याच्या माया नावाच्या बाईंनी ती विकत घेतली. पार्सल बांधताना अपेक्षाने त्या पिवळ्या अंगठ्यावरून एकदा हात फिरवला, तो कोपरा घडीच्या आत घेतला आणि चिकटपट्टी मारून टाकली.

थोड्या दिवसांनी पेमेंट कंपनीचा ईमेल आला. चार्जबॅक. पूर्वी माल आवडला नाही तर गिऱ्हाईक दुकानात यायचं, दोन शब्द बोलायचं, दोन ऐकून घ्यायचं. आता ते थेट आपल्या बँकेकडे जातं. बँक दुकानदाराच्या खात्यातून पैसे ओढून घेते आणि मग सावकाश विचारते, तुमचं काही म्हणणं आहे का? आधी शिक्षा, मग सुनावणी. तक्रार एका ओळीची होती : माल वापरलेला आहे, कोपऱ्यावर पिवळा डाग आहे. सोबत त्या डागाचा फोटो होता.

अपेक्षाने तो मोठा करून पाहिला. बापाचा अंगठाच तो. मधे एक बारीक पांढरी रेघ होती. जन्मभर विणून त्याच्या अंगठ्याला चीर पडली होती, आणि तेवढ्या चिरेत हळद कधी लागायची नाही. तिला राग आला, मग रडू आलं, मग रडू आल्याचा पुन्हा राग आला.

घरमालकीण रंगुबाई वर पाणी भरायला आली तेव्हा हिचं तोंड बघून थांबली.

"काय झालं गं?"

"घोंगडीला हळद लागलीया म्हणून पैसं परत घेतलं, मावशी."

"हळद लागली म्हणून? आगं, या पेठंत माणूस शिंकला तरी हळदच निघतीया." रंगुबाई स्वतःच्या बोलण्यावर हसली, अपेक्षाही हसली, आणि बादली भरली तशी रंगुबाई खाली गेली.

आता पुरावा द्यायचा होता. कंपनीच्या नंबरावर माणूस नव्हता, बटणं दाबायला सांगणारा गोड आवाज होता. माल पाठवताना नवाच होता हे दाखवणारा फोटो जोडा, असं तिथे सांगितलं. अपेक्षाकडे तसा एकच फोटो होता. घोंगडीवर वाकलेला बाप, डोक्याचं मुंडासं जरा सैल झालेलं, अंगठा कोपऱ्यावर टेकवलेला. त्याचा तो शेवटचा फोटो. तिने तो कुणालाच दाखवला नव्हता; दिवसकार्यालासुद्धा रेशनकार्डावरचा जुना फोटो मोठा करून आणला होता. तो तिने जोडला. खाली मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, की हा डाग नाही, आमची रीत आहे, आणि हे माझे वडील आहेत. पैशाचं विसरून ती उत्तराची वाट बघू लागली. कुणीतरी कुठेतरी बसून तो फोटो बघेल, याचंच तिला बरं वाटत होतं.

उत्तर आलं : जोडलेला फोटो तक्रारीशी संबंधित नाही. निर्णय ग्राहकाच्या बाजूने.

कुणी बघितला तरी होता की नाही, कोण जाणे.

पैसे गेले तर गेले. पण घोंगडी तिकडे नकोशी होऊन पडली होती, ते तिला सोसवेना. पाहुण्यानेच नको म्हटलं तर घोंगडी कुणाची, हे बापाने कधी सांगितलं नव्हतं. पार्सलच्या पावतीवर मायाबाईंचा नंबर होता. तिने फोन लावला.

"मी घोंगडीवाली बोलतीया, सांगलीवरनं."

"हे बघा, बँकेने निर्णय दिलेला आहे."

"पैशाचं न्हाई म्हणत मी. ते राहू द्या तुमच्याकडं. घोंगडी तेवढी परत पाठवा."

"अहो, एवढंच ना? पाठवते की. मला वापरायची नाहीच आहे."

तो माझ्या बापाचा अंगठा आहे, हे अपेक्षाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण जिने त्याला डाग म्हटलं, तिला सांगावंसं वाटेना. "बरं," ती म्हणाली, "लवकर पाठवा."

मग तिला उगीचच उत्साह आला. तिने खोली झाडली, खोकी एकावर एक लावली, कॉटवरची चादर बदलली. अंगठ्याचा कोपरा उशाला येईल अशी घोंगडी अंथरायची, हे ठरवून टाकलं.

पार्सल आलं. घोंगडी प्लॅस्टिकच्या पिशवीत होती आणि तिला लाँड्रीचा वास येत होता. विणताना बापाने दिलेल्या चिंचोक्याच्या खळीचा कडकपणा पार गेला होता. अपेक्षाने ती कॉटवर पसरली. एक कोपरा पाहिला, दुसरा पाहिला, मग चारही पुन्हा पाहिले. सगळे पांढरे स्वच्छ होते.

मोबाईलवर मायाबाईंचा मेसेज होता. "तुमचं नुकसान नको म्हणून डाग काढून घेतला. लाँड्रीवाल्याने खूप मेहनत घेतली. आता कुणालाही नवी म्हणून विकता येईल."

बाई मनाने चांगली होती, हीच तर पंचाईत. अपेक्षाने "थँक्यू" लिहून पाठवलं.

फळीवर हळदीचा डबा होता. तिने झाकण काढलं, अंगठा ओला केला आणि तशीच थांबली. आपण भंडारा लावला तर घोंगडी परत पाहुण्याची होणार. तिने अंगठा पदराला पुसला आणि डबा फळीवर ठेवला.

भंडारा नव्हता, म्हणजे आता ती घरात ठेवायला, पांघरायला हरकत नव्हती. ती कॉटवर बसली आणि घोंगडी तिने खांद्यावरून ओढून घेतली, अगदी गळ्यापर्यंत. ठिव ती, असं कुणी म्हणालं नाही.